गोळीवरचं ‘प्लास्टिक’ आणि आत्याची सुरी

“कॅल्शियमच्या गोळीला चकाकी येते ती पॉलिइथिलीन ग्लायकॉलची. हे गाडीच्या कूलंटमधलं प्लास्टिक. मूत्रपिंडात साठतं, डायलिसिसवर नेतं. अमेरिकेत बंदी आहे. गोळी खरवडूनच घ्या.” गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या फॅमिली ग्रुपांवर फिरत फिरत हा मेसेज आमच्या आत्यापर्यंत पोचला, आणि ती सुरी घेऊन बसली. ताटलीत कॅल्शियमचा चुरा, आणि त्याच्या शेजारी सालं काढलेल्या पॅन्टोप्राझोलच्या, म्हणजे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या!

आधी या खरवडण्याचंच बघू, कारण खरा धोका तिथे आहे. पॅन्टोप्राझोल जठरातल्या आम्लात टिकत नाही. त्यावरचा थर आम्लात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावा म्हणूनच दिलेला असतो. तो काढला की औषध पोटातच वाया जातं, आणि आत्या म्हणते, “गोळीचा काय उपयोग होत नाही रे.” कसा होणार? हळूहळू औषध सोडणाऱ्या काही गोळ्यांचं तर याहून वाईट. थर गेला की दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरू शकतो. कुठल्या गोळीचा थर नुसता दिसण्यापुरता आणि कुठल्या गोळीचा कामाचा, हे सुरीला कळत नाही.

आता कूलंट. त्यात असतं ते इथिलीन ग्लायकॉल, आणि ते विषारीच. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा लांब साखळीचा वेगळा पदार्थ. गोळीवरचा पातळ पापुद्रा तडकू नये म्हणून तो घालतात. मेसेजमध्ये अर्धं सत्य एवढंच, की तो बनवताना इथिलीन ग्लायकॉल आणि तसंच विषारी डायइथिलीन ग्लायकॉल यांचा अंश मागे राहू शकतो, म्हणून औषधासाठीच्या मालात त्याची मर्यादा तपासावी लागते. तपासणीत ढिलाई झाली की काय होतं ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली दिसलं. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि 14 रुग्ण गेले. पण तो दोष भेसळीचा.

मूत्रपिंडात साठतं म्हणे! लांब साखळीचं हे द्रव्य आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, बाकीचं शौचावाटे जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा ठरवलीय वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 600 मिलिग्रॅम. एक ग्रॅमच्या गोळीवरचा सगळा थरच साधारण 20-30 मिलिग्रॅमचा, त्यात हे काही मिलिग्रॅम. बद्धकोष्ठावर डॉक्टर हेच द्रव्य दिवसाला 17 ग्रॅम देतात. अमेरिकेत तर ते चिठ्ठीशिवाय विकायला 2006 मध्येच मंजुरी मिळाली. बंदी कसली?

बंदीचा घोळ बहुधा दुसऱ्याच पदार्थावरून झाला असावा. युरोपने 2022 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग अन्नातून काढला. त्यात पूरक गोळ्याही आल्या, औषधं मात्र वगळली. जीवनसत्त्वाची गोळी पांढरीशुभ्र दिसायलाच हवी असं काही नाही, हे मलाही मान्य. पण तो रंग वेगळा, हे द्रव्य वेगळं.

राग येतो तो याचा, की वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत जाणारं कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतं, तरी फॉरवर्ड करण्याआधी त्याला विचारायचं कुणाला सुचत नाही.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची अॅलर्जी असणारे थोडे लोक आहेत. त्यांनी डॉक्टरांना आणि फार्मसीत आधीच सांगावं. गोळी मोठी म्हणून गिळता येत नसेल तर चघळायची किंवा पातळ औषध मिळतं का ते विचारावं. आत्याच्या खरवडलेल्या गोळ्या टाकून दिल्यात, नवीन पाकीट आणलंय.