दीडशे चौरस मीटरच्या भूखंडाला परवानगी लागत नाही, हे खरे नाही

‘नगरपरिषदेने ठराव करेपर्यंत राज्याची बांधकाम नियमावली आपल्या गावाला लागू होत नाही आणि दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानगीच लागत नाही,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडता राज्यातील नगरपरिषदांना व नगरपंचायतींना थेट लागू आहे, कारण ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील शासनाच्या अधिकारात आली आहे. नगरपरिषद ती अमलात आणते. स्वीकारायची की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे नसतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. लहान भूखंडासाठी प्रक्रिया सोपी झाली, नियम नव्हे. पात्र तांत्रिक व्यक्तीच्या (वास्तुविशारद, परवानाधारक अभियंता अशांच्या) सहीचा नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते. म्हणजे पावती नसेल तर बांधकाम अनधिकृतच, आणि पावती असली तरी सामासिक अंतर (इमारतीभोवती भूखंडाच्या हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा), उंची व चटईक्षेत्र (भूखंडाच्या प्रमाणात करता येणारे एकूण बांधकाम) यांच्या मर्यादा कायम राहतात. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्याने जोत्याचा पहिला दगड बसवण्याआधी ती पावती हातात घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.