ग्रीनस्टेडच्या भिंतीचा पाय बघा

एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या सेंट अँड्र्यूज चर्चचा फोटो अधूनमधून फिरत असतो. खाली ठरलेली ओळ: 'लाकडी चर्च, इ.स. 845'. हा आकडा आता सोडून द्यायला हवा.

1990 च्या दशकात या चर्चच्या भिंतीतल्या ओंडक्यांची वाढवलयं (खोडात दरवर्षी एक वाढणारी कडी) नव्याने मोजली गेली. शिल्लक असलेलं शेवटचं वलय 1053 सालचं निघालं. पण झाड त्या वर्षी तोडलं असा त्याचा अर्थ होत नाही. सालीलगतचं कच्चं लाकूड कीड आधी पोखरते, सुतारही ते तासून टाकतो. त्या हरवलेल्या वलयांसाठी 10 ते 55 वर्षं धरली, की तोड येते 1063 ते 1108 या काळात. म्हणजे 1013 मध्ये संत एडमंडचं (नवव्या शतकातला इंग्लंडमधला एक राजा) शव वाटेत इथे विसावलं, ही आख्यायिका खरी असली तरी या भिंतींनी ते पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर आधीच्या एखाद्या इमारतीने. वेदीकडच्या विटांच्या भागाखाली 1960 च्या उत्खननात जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या होत्या.

माझ्या मते वयापेक्षा जोडणी बघण्यासारखी आहे. ओकचे ओंडके उभे चिरून शेजारी शेजारी उभे केलेत. गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत, आणि सपाटीवर वाकसाने तासल्याच्या खुणा. ओंडका सुकला की आकसतो आणि दोघांमध्ये फट पडते. म्हणून दोन्ही कडांना उभी खाच पाडून मध्ये ओकची पट्टी सरकवली आहे. फट वाढली तरी पट्टी खाचेतच राहते, वारा-पाऊस सरळ आत येत नाही. वरचं टोक पाचरीसारखं निमुळतं करून तुळईच्या खाचेत बसवलंय आणि लाकडी खुंटीने अडकवलंय.

घात झाला तो पायाशी. उभ्या लाकडाचं कापलेलं टोक ओलावा शोषून घेतं, त्यामुळे कूज खालून वर चढते. जुन्या गावचर्चच्या आवारात शतकानुशतकं दफनं होऊन मातीही वर येत जाते, तेव्हा ओल आणखी जवळ येते. आपल्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो तो याचसाठी.

1848-49 च्या दुरुस्तीत कुजलेली टोकं कापून टाकली आणि खाली विटांचं जोतं देऊन त्यावर भिंत पुन्हा बसवली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लोकांनी जुनी चर्चं बिघडवली, ही तक्रार पुष्कळ ठिकाणी रास्त आहे, इथेही छपराचं काम जरा हौसेनेच झालंय. पण पायाच्या बाबतीत त्यांना बोल लावू नये. कुजलेलं तसंच ठेवलं असतं तर आज जपायला भिंत उरली नसती. बदल्यात भिंतीची मूळ उंची गेली, हे मात्र खरं.

बाकी इमारत ठिगळांची आहे: 1500 च्या सुमारास विटांत बांधलेला वेदीचा भाग, पांढऱ्या फळ्यांचा मनोरा, त्यात 1618 ची घंटा. युनियनची शपथ घेतली म्हणून 1834 मध्ये शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या, डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या शेतमजुरांपैकी काहीजण माफीनंतर या भागात राहिले. त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न 1839 मध्ये याच चर्चमध्ये लागलं.

फोटो पुन्हा आला तर खालची एक वीत मोठी करून बघा. लाकूड संपून वीट सुरू होते ती रेघ स्वच्छ दिसते.