पवनचक्की ढग पळवत नाही

आज दुपारी सांगली जिल्ह्यातील विट्यात एका कार्यक्रमात एका पदवीधर वक्त्याने व्यासपीठावरून ठणकावून सांगितले की, आपल्या भागात पाऊस पडत नाही याला डोंगरावरच्या पवनचक्क्या कारणीभूत आहेत, कारण त्यांची पाती ढगांना पुढे ढकलून देतात. सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या वर्गातील काही मुलेही टाळ्या वाजवत होती, आणि लगेच आभारप्रदर्शन सुरू झाल्यामुळे मला उठून बोलता आले नाही. म्हणून येथे लिहिते आहे, आणि रागातच लिहिते आहे.

मी सातवीत असताना, म्हणजे १९८० च्या दशकात, जुलै महिन्यात वडील मला कोयनानगरहून आत्याकडून घरी आणत होते. एसटीत बसेपर्यंत आम्ही दोघेही नखशिखान्त भिजलो होतो. पाटणपर्यंत खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ होते, कराडला भुरभुर होती, कडेगावच्या पुढे रस्ता कोरडा लागला आणि विट्याच्या स्थानकात उतरलो तेव्हा वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. वडील हातातल्या छत्रीकडे पाहून म्हणाले, "आपल्याबरुबर निघालेलं ढग कुठल्या ष्टापवर उतरलं म्हनायचं?" तेव्हा आपल्या भागात एकही पवनचक्की नव्हती. माझ्या दृष्टीने वाद येथेच मिटतो. परंतु मिटत नाही हे आज दिसले, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे.

अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणाऱ्या नैऋत्येच्या वाऱ्याला कोकणाची अरुंद पट्टी ओलांडताच सह्याद्रीची हजार मीटरची भिंत आडवी येते. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर हवेचा दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाने भरलेली हवा दर किलोमीटरला साधारण पाच-सहा अंशांनी निवते. थंड हवेत तेवढे बाष्प मावत नाही, जादा बाष्पाचे थेंब होतात आणि ते घाटमाथ्यावर कोसळतात. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर ही तीन नावे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात का येतात, त्याचे उत्तर एवढेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील दहिवडीला पाचशेच्या आसपास. माथा ओलांडल्यावर हाच वारा पूर्वेकडे खाली उतरतो, दाबला जातो आणि तापतो. उरलेसुरले थेंब पुन्हा वाफ होऊन हवेत विरतात. वडिलांचे ढग कुठे उतरले असे विचाराल तर बहुतेक सगळे कोयनेच्या जलाशयातच उतरले होते, आणि जे आमच्याबरोबर कराडपर्यंत आले ते वाटेत आटले.

यावर कोणी म्हणेल की, आम्ही डोळ्यांनी पाहतो, जुलैत काळे ढग डोक्यावरून जातात आणि थेंबही पडत नाही. हे निरीक्षण खरे आहे, आणि ते करणाऱ्या शेतकऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. आमच्या शेजारचे एक काका अजूनही सकाळी पश्चिमेकडे पाहून दिवसाचा अंदाज बांधतात आणि तो पुष्कळदा बरोबर येतो. पण ते ढग उथळ असतात. त्यांची उंची वाढत नाही, थेंब मोठे होत नाहीत, आणि झालेले थेंब खालच्या कोरड्या हवेतून येता येताच सुकतात. त्यांना पळवायला पात्यांची गरज नसते. पवनचक्कीचा मनोरा साधारण पन्नास ते दीडशे मीटरांचा. पावसाळी ढगाचा तळ आपल्या सपाटीवर त्याच्या कितीतरी वर असतो, आणि खऱ्या गडगडाटी ढगाचा माथा तर दहा-बारा किलोमीटरवर जातो. पात्यांमुळे जमिनीलगतची हवा घुसळली जाते आणि रात्रीच्या तापमानात थोडा फरक पडतो, हे मान्य. त्यापुढे काही नाही.

शंका असेल त्याने जुलैत साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जावे. तेथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे, आणि पाऊस इतका असतो की धुक्यात पाती दिसत नाहीत, नुसता घोंघावणारा आवाज येतो. पाटण तालुक्यातील वनकुसवड्यालाही तेच. पाती ढग हाकलत असतील तर तेथील ढगांना कोणी सांगितले नाही काय? आपल्या जिल्ह्यातील ढालगावकडच्या उजाड पठारांवर पवनचक्क्या आल्या, कारण घाटावर रिता झालेला वारा तेथे कोरडा असला तरी जोरात वाहतो. पाऊस आधीपासूनच कमी होता, वाराही आधीपासूनच होता. यंत्रे नंतर आली. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती, तेव्हा ढग कोणी पळवले होते? चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, तेव्हा डोंगरावर कोण पाती फिरवत होते?

मला राग त्या वक्त्याचाही नाही, खरे तर. राग याचा आहे की हे खोटे कारण आपल्याला फार सोयीचे झाले आहे. दोष पवनचक्कीवर टाकला की आपण पाणी कशावर खर्च करतो हे विचारावे लागत नाही. एका एकरावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर तो वीस लाख लिटर होतो, कारण एक मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर. उसाला मात्र दीड ते दोन हजार मिलिमीटर लागतात. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले आणि कोरड्या माळावर ऊसच उभा राहिला. ज्याच्या शेतात इतक्या वर्षांनी पाणी आले त्याने काय पिकवावे हे नोकरदार बाईने सांगू नये, असे कोणी म्हटले तर मी गप्प बसेन. पण ते पाणी कृष्णेतून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवलेले आहे, म्हणजे घाटावर पडलेला पाऊसच विजेच्या जोरावर आपल्याकडे येतो, एवढे तरी मुलांना सांगावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते, आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे टँकर फिरत होते. त्या वर्षी विट्याहून सांगलीकडे जाताना मला एसटीतला तो प्रवास आठवला. फक्त या वेळी उलट दिशेने, कोरड्यातून पाण्याकडे.

आपला भरवसा आहे तो पूर्वेकडच्या पावसावर, म्हणजे मे महिन्यातील वळवावर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावरून आत आले, तेव्हा पंढरपूर-सांगोल्याकडे एका दिवसात इतका पाऊस झाला की पिके वाहून गेली. त्या ढगांच्या वाटेत सह्याद्री नव्हता. पवनचक्क्या तर होत्याच.

आता आमच्या गावच्या ग्रामसभेपुढे पावसाळ्यात पवनचक्क्या बंद ठेवाव्यात, असा ठराव येणार आहे. जमिनी कवडीमोलाने गेल्या, अवजड वाहनांनी रस्ते उखडले, ही लोकांची तक्रार मला पटते, आणि ती ढगांच्या गोष्टीखाली झाकली जाते आहे याचे वाईट वाटते. मी ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. पाऊस हा शब्द काढून तेथे जमिनीचा मोबदला आणि रस्त्याची दुरुस्ती लिहिली, तर पहिली सही माझी असेल.