काहीच न लावल्यासारखं दिसण्यासाठी

मेकअपच्या दुनियेतली सगळ्यात गोड थाप म्हणजे ‘नो मेकअप लुक’. काहीच लावलेलं नाही असं दिसण्यासाठी मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, पावडर, ब्लश, ब्रॉन्झर, भुवयांचं जेल, मस्कारा, लिप टिंट आणि वरून फवारायचा स्प्रे अशा बारा वस्तू लागतात. त्या लावायला पाच-सहा ब्रश आणि एक स्पंज वेगळाच. नुसतं तोंड धुऊन बाहेर पडलं तर हाच लुक फुकटात मिळायला हवा, पण तसं गेलं की लोक ‘बरं नाहीये का?’ असं विचारतात.

तर ह्या बारा जणांच्या बाबतीत माझं प्रामाणिक मत सांगते. आपण ज्यांना शिव्या घालतो त्यातली निम्मी प्रॉडक्ट्स निर्दोष असतात. गुन्हे दोनच, आणि दोन्ही आपले: जास्त लावणं आणि न थांबणं. मेकअपच्या जवळजवळ प्रत्येक थरात काहीतरी उडून जायचं असतं. पाणी, अल्कोहोल किंवा हलकं सिलिकॉन उडतं आणि मागे राहतो तो खरा थर. ते उडायच्या आत आपण पुढचा थर चोपडतो आणि मग चेहऱ्यावर खोडरबराने खोडल्यासारख्या वळ्या निघतात.

ह्या वळ्यांवर एक लोकप्रिय उपदेश आहे. सिलिकॉनवाल्या प्रायमरवर, म्हणजे फाउंडेशनच्या खाली द्यायच्या थरावर, पाण्याचं फाउंडेशन लावू नये, म्हणे. ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण ‘वॉटर बेस्ड’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक फाउंडेशनच्या घटकांच्या यादीत डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉनच, सुखाने बसलेलं असतं. वळ्यांचं खरं कारण बहुधा साधं असतं. खालचा थर ओला आहे, जाड आहे आणि वरून आपण घासतोय. सनस्क्रीननंतर दहा मिनिटं जाऊ द्या, फाउंडेशन घासण्याऐवजी थोपटा, आणि बघा किती वळ्या उरतात ते. प्रायमर वाटाण्याच्या निम्म्याएवढा पुरतो, तोही नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि जिथे रंध्रं दिसतात तिथेच. सनस्क्रीन आधीच मऊ, सिलिकॉनी असेल तर प्रायमर हा पगारी पाहुणा आहे. त्याला ड्रॉवरमध्येच राहू द्या.

आणि हो, फाउंडेशनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, लिहिलेला आहे म्हणून सनस्क्रीनला सुट्टी देऊ नका. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो. तेवढं फाउंडेशन कुणी लावलं तर ‘नो मेकअप लुक’ बाजूलाच राहील, थेट मुखवटाच तयार होईल.

आता शेड. फेंटी ब्युटी ह्या कंपनीने २०१७ मध्ये फाउंडेशनच्या एकदम ४० शेड्स बाजारात आणल्या आणि बाकीच्या कंपन्यांनाही जग गोरं-गव्हाळ ह्या दोनच रंगांचं नाही हे मान्य करावं लागलं. हे फार चांगलं झालं. फक्त पूर्वी तीन शेड्समधली चुकीची निवडायचो, आता चाळीसमधली चुकीची निवडतो. मनगटावर लावून बघणं तर बंदच करा, मनगट आणि चेहरा ह्यांची रंगाच्या बाबतीत ओळखदेखील नसते. जबड्याच्या कडेला तीन शेड्सच्या तीन उभ्या रेघा ओढायच्या, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात बघायचं. जी रेघ शोधावी लागते ती आपली. थांबायचं अशासाठी की बरीच फाउंडेशन्स लावल्यावर एक पायरी गडद होतात. उडणारा भाग उडतो, त्वचेचं तेल रंगकणांत मिसळतं आणि सकाळचा गव्हाळ दुपारपर्यंत तांबूस-नारिंगी होतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मिळालेल्या कौतुकावर बाटली घेणं म्हणजे बोहल्यावरचा फोटो बघून संसाराचं भाकीत करण्यासारखं आहे.

प्रमाणाचं सांगायचं तर पंपचा एक दाब अख्ख्या चेहऱ्याला भरपूर होतो. तो हाताच्या पाठीवर घ्यायचा, नाकाच्या आजूबाजूला सुरुवात करायची आणि कडेला जाता जाता संपू द्यायचा. आपण उलटं करतो. आधी दोन्ही गालांवर ढीग, मग तो संपवायला मान, कान, जमलं तर खांदे.

लावायचं कशाने ह्यावर घराघरांत दोन पक्ष आहेत. ब्युटीब्लेंडर हा थेंबाच्या आकाराचा गुलाबी स्पंज इतका गाजला की आता कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही रंगाच्या स्पंजला लोक तेच नाव देतात. स्पंज चांगलाच आहे, पण तो ओला वापरायचा असतो. ही अट वाचायच्या आधी वेष्टण फाडलेलं असतं. नळाखाली धरून पूर्ण फुगू द्यायचा, मग पिळायचा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा पिळायचा. हाताला गार लागावा, पाणी मात्र सुटू नये. कोरडा स्पंज अर्धं फाउंडेशन स्वतःच पितो. नीट न पिळलेला असेल तर जेवढं लावाल तेवढं पातळ करून उचलून नेतो. वापरून झाल्यावर त्याला ओलाच डबीत बंद केलात तर आतल्या अंधारात बुरशीची वसाहत उभी राहते, आणि ती वरून दिसत नाही. तीनेक महिन्यांनी त्याला निरोप द्यावा. फाटायची वाट बघू नये.

कन्सीलरबद्दल थोडक्यात. डोळ्यांखाली उलट्या त्रिकोणाची फॅशन कॅमेऱ्यासाठी आहे, चालत्याबोलत्या माणसासाठी नाही. काळसर जागा असेल तिथेच दोन ठिपके द्या, मिनिटभर राहू द्या म्हणजे ते जरा घट्ट होतील, मग बोटाने थोपटा. घडीत साचलं तर पावडर लावण्याआधी ती घडी बोटाने पुसून सारखी करा. साचलेल्यावर पावडर टाकली की घडीला प्लास्टर होतं. निळसर काळेपणा असेल तर उजळ कन्सीलर त्याला राखाडी करून ठेवतो, तिथे आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात लागतो. पावडर डोळ्यांखाली दहा मिनिटं थापून ठेवायच्या ‘बेकिंग’बद्दल एवढंच म्हणेन की भाजून निघाल्यासारखं दिसतं. नाव चुकीचं नाही. सिलिका भरलेल्या पांढऱ्या पावडरी तर आरशात दिसत नाहीत आणि फ्लॅश पडला की फोटोत डोळ्यांखाली चुना फासल्यासारख्या उमटतात. समारंभाला जायच्या आधी फ्लॅश लावून एक सेल्फी घ्या, अब्रू वाचते.

आता ब्रश. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथे. चोवीस ब्रशांचा संच, गुंडाळायच्या पिशवीसकट, दिसतो देखणा. त्यातले कामाचे निघतात पाच: फाउंडेशनसाठी दाट, गोलाकार बफिंग ब्रश, पावडरसाठी मोठा भुसभुशीत, ब्लशसाठी तिरका, डोळ्यांच्या घडीसाठी फुगीर ब्लेंडिंग ब्रश आणि भुवया-लायनरसाठी पातळ तिरपा. उरलेले एकोणीस एकमेकांचे चुलतभाऊ असतात. त्यात पंख्याच्या आकाराचा एक असतोच असतो. त्याचं अधिकृत काम गालावर हायलायटर फिरवणं आणि सांडलेली आयशॅडो झटकणं. प्रत्यक्षात तो बहुतेक घरांत कीबोर्ड साफ करतो.

ब्रशाचे केस दोन जातींचे. बकरी, खार, घोडा वगैरे प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. त्यात कोरडी पावडर अडकते आणि हळूहळू सुटते, म्हणून पावडर-ब्लशला तो ब्रश लाघवी. पण क्रीम किंवा लिक्विड त्याला दिलंत की तो ते शोषून घेतो आणि लवकरच ताठ होतो. सिंथेटिक केस गुळगुळीत असल्याने लिक्विड परत देतात आणि धुऊन पटकन वाळतात. आता ते इतके सुधारले आहेत की एकच घ्यायचा तर मी सिंथेटिकच सांगेन. मॅक कंपनीचा गाजलेला २१७ नंबरचा ब्लेंडिंग ब्रशसुद्धा आता सिंथेटिकमध्ये मिळतो, आणि डोळ्यांसाठी एकाच ब्रशावर पैसे घालायचे असतील तर त्याच आकाराचा घ्यावा. आकार महत्त्वाचा, शिक्का नव्हे. तो दांडीच्या अगदी टोकाशी धरायचा. पेन्सिलीसारखा गळ्याशी पकडला की दाब वाढतो, रंगाचा डाग बसतो, आणि मग आपण पॅलेटला नावं ठेवतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

जपानमध्ये हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं गाव आहे, ते ब्रशांसाठीच ओळखलं जातं. तिथले कारागीर केसांची टोकं कापत नाहीत. केस लाकडी साच्यात बसवून घुमट तयार करतात, म्हणून नैसर्गिक निमुळतं टोक त्वचेला लागतं. स्वस्त ब्रशात केसांचा झुबका बांधून वरून कात्री फिरवलेली असते. ही कात्री ओळखायला जपानला जायला नको. हाताच्या पाठीवर ब्रश उभा दाबून गोल फिरवा. टोचला तर कापलेला आहे. दुसरी परीक्षा म्हणजे केसांना हलकासा हिसका द्यायचा. एखाद-दोन केस सुटले तर नव्याची नवलाई म्हणून सोडून द्या. पाच-सहा आले तर तो ब्रश महिन्याभरात तुमच्या आधी टकला होणार.

धुण्याबद्दल सगळे खोटं बोलतात. फाउंडेशनचा ब्रश आठवड्याला धुवावा हे सगळ्यांना माहीत आहे, जसं सकाळी लवकर उठावं हेही माहीत आहे. पद्धत तरी नीट असू द्या. कोमट पाणी, केस खाली, दांडी वर. तळहातावर सौम्य शाम्पूचा थेंब घेऊन त्यावर गोल गोल फिरवायचं, फेस पांढरा येईपर्यंत. पहिल्या तीन फेऱ्यांत पाणी ज्या रंगाचं निघतं तो रंग बघून माणूस अध्यात्माकडे वळतो. जिथे केस धातूच्या नळीत शिरतात तिथे पाणी मुरू द्यायचं नाही, आतला गोंद तिथेच असतो. म्हणून ब्रश बुडवून ठेवायचा नाही आणि धुतल्यावर पेल्यात डोकं वर करून तर अजिबात ठेवायचा नाही. पाणी उतरून गोंद सैल होतो, दांडीचं लाकूड फुगतं आणि एके दिवशी डोकं एकीकडे, दांडी एकीकडे. टॉवेलने पिळून, बोटांनी आकार देऊन आडवा ठेवायचा, केसांचा भाग टेबलाच्या कडेबाहेर म्हणजे खालूनही वारा लागतो. दाट ब्रशाला वाळायला पूर्ण दिवस लागतो. ही गोष्ट नेमकी समारंभाच्या सकाळी ब्रश धुतल्यावर आठवते.

डोळ्यांकडे वळू. अर्बन डिके ह्या कंपनीचं नेकेड नावाचं आयशॅडो पॅलेट २०१० मध्ये आलं. बारा छटा, आणि बहुतेक तपकिरी खानदानातल्या. त्यानंतर जगात तपकिरी पॅलेट्सचा पूर आला. माझं मत विचाराल तर कुठल्याही पॅलेटमध्ये आपण तीन रंग वापरतो: एक घडीला, एक पापणीला, एक कोपऱ्याला. त्या तिघांचा तळ दिसायला लागतो तेव्हाही गडद निळा कोराच असतो. चमकदार रंग ब्रशाने उमटत नाही म्हणून तक्रार असेल तर बोटाने लावा. कोरडा ब्रश चकाकीचे कण इकडेतिकडे उधळतो, बोट त्यांना दाबून चिकटवतं. पण बोट रोज घातलंत की त्वचेचं तेल पावडरीवर साचून वर एक कडक, चकचकीत पापुद्रा बसतो आणि रंग निघेनासा होतो. चिकटपट्टी वर हलकी टेकवून उचला, पापुद्रा तिच्याबरोबर जातो. पॅलेट खराब झालं म्हणून फेकू नका. आणि गडद शेड लावणार असाल तर डोळे आधी, फाउंडेशन नंतर. नाहीतर सांडलेला कोळसा ताज्या गालांवरून पुसताना गालच निघून येतो.

लायनरबद्दल बोलायला नको, एक डोळा जमतो आणि दुसरा त्याचा सावत्र भाऊ होतो. दोन्ही सारखे करता करता रेघ भुवईपर्यंत पोचते. एवढंच सांगते की स्केचपेनसारखा लायनर टोक खाली करून ठेवा, शाई टोकाशी राहते, आणि तेलकट किंवा क्रीम शॅडोवरून तो फिरवू नका, टोक बुजतं.

मस्कारा लावताना तोंड उघडं का पडतं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण मिटून लावून दाखवाच. मेबलिनचा गुलाबी-हिरव्या नळीतला ग्रेट लॅश १९७१ पासून विकला जातोय, म्हणजे मस्कारा चालायला कांडीत रॉकेटविज्ञान लागत नाही. कांडी मुळाशी टेकवून डावीउजवीकडे हलवत वर न्यायची, आणि दुसरा हात पहिला वाळायच्या आत द्यायचा. वाळल्यावर दिलात की कोळ्याचे पाय तयार. नळीत कांडी पंपासारखी खालीवर करायची नाही, हवा शिरून आतला माल लवकर सुकतो. आणि तीन महिन्यांनी नळी टाकून द्यायची, निम्मी उरलेली असली तरी. उघड्या डबीच्या चित्रात ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने असतात. आपण मात्र वस्तू संपेपर्यंत तिला तरुणच धरून चालतो.

लिक्विड मॅट लिपस्टिक हा माझा शेवटचा त्रास. त्यातलं आयसोडोडेकेन नावाचं द्रावक उडून जातं आणि ओठांवर रंगाचं पातळ कवच राहतं. चहाच्या कपाला डाग लागत नाही तो ह्या कवचामुळे. पण एक थर वाळला, मग दुसरा, मग ‘जरा अजून’ म्हणून तिसरा, की कवच चिरतं आणि ओठांच्या मधोमध पोपडे सुटतात. एक पातळ थर, आणि वाळेपर्यंत ओठ एकमेकांना लावायचे नाहीत. तेलकट खाल्लंत की हे कवच विरघळतं, म्हणून मधला रंग जातो आणि कडेची रेघ तेवढी पहारा देत उरते. हीच गोष्ट रात्री उपयोगी पडते. कापूस घेऊन खसाखसा घासू नका, थोडं तेल लावून अर्धा मिनिट थांबा.

त्यानंतर उरतात ते ब्रश. धुऊन, पिळून, आकार देऊन ओळीने टेबलाच्या कडेला आडवे. उद्या सकाळी दाट ब्रश अजून ओलाच असणार, स्पंज कुठेतरी घरंगळलेला असणार, आणि घड्याळ नेहमीप्रमाणे पुढे. मग फाउंडेशन लावायला उरतात बोटं. ती गरम असल्याने क्रीम त्वचेत छान मुरवतात, धुतल्यावर लगेच वाळतात आणि हातालाच दहा येतात.