डब्यातला गजर

आमची कन्या मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात प्रयोगाला उंदीर मिळत नसावेत. तिने घरात शोधलं, तर मी सापडलो.

"बाबा, तू उठल्याउठल्या कातावलेला का असतोस?"

मी कातावलेला नसतो. मी फक्त डोळे उघडतो, उशाखालचा मोबाइल चाचपतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर रात्री ११.५२ ला कुणीतरी जिन्यातल्या कुंड्यांबद्दल टाकलेला मेसेज वाचतो. त्याला १४ जणांनी अंगठे दाखवलेले असतात. चौदातले तीन तरी असे, की ज्यांच्या स्वतःच्याच कुंड्या जिन्यात आहेत! पाय जमिनीला लागायच्या आत निम्म्या इमारतीशी माझं मनातल्या मनात कडाक्याचं भांडण झालेलं असतं, एवढंच.

तर कन्येच्या प्रयोगाचं पहिलं कलम म्हणून मोबाइल रात्री दहाला स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी मुक्कामाला गेला. मग गजराचं काय? बायकोने माळ्यावरून तिच्या माहेरचं किल्लीचं घड्याळ काढलं. डोक्यावर दोन घंटा, मधे हातोडी. त्या रात्री मला कळलं, की जुनी माणसं पहाटे उठत नसत. त्यांना मुळात झोपच लागत नसे. ती टिकटिक नव्हेच. कुणीतरी खडावा घालून उशाशी येरझाऱ्या घालत होतं. टॉवेलात गुंडाळलं, कपाटात कोंडलं, तरी खडावा चालूच. शेवटी बायको झोपेतच म्हणाली, "अहो, पोह्यांच्या डब्यात घाला ते." पोहे नेमके संपले होते. पाच किलोचा स्टीलचा डबा, झाकण गच्च. एकदम शांतता. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन आम्ही झोपलो.

पावणेसहाला डब्याने सूड उगवला. रिकाम्या स्टीलच्या डब्यात दोन घंटा वाजल्या, की आरती, शाळेची घंटा आणि आगीचा बंब हे तिन्ही एकाच वेळी घरात येतात. झाकण निघेना. डबा पोटाशी कवटाळून मी अंधारात चमचा शोधत होतो आणि डबा पोटातून वाजत होता. चमचा सापडला तेव्हा किल्ली उतरून गजर आपोआप थांबला. वरच्या मजल्यावर दिवा लागला.

"जाग आलीच आहे, तर आता उजेडात जा," कन्या म्हणाली. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला, की शरीरातलं घड्याळ जुळतं, रात्री वेळेवर झोप येते आणि झोप झालेला माणूस बरा वागतो, असं तिचं शास्त्र. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालंय. नोबेल म्हटल्यावर मी नरमलो. चपला घालताना तिने सांगितलं, की प्रयोग चिलटांवर झाले होते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती. म्हणजे उंदरावरून माझी आणखी घसरण!

आम्ही सहकारनगरचे, त्यामुळे पर्वती. पायऱ्या १०३, आणि शेवटच्या वीस कुणीतरी रात्रीतून उंच करून ठेवतं, असा माझा संशय आहे. घामाघूम होऊन घरी आलो तर कन्येचा प्रश्न, "किती पावलं झाली?" पावलं मोजतो मोबाइल, आणि मोबाइल मिसळणाच्या डब्याशेजारी. माझ्या एकाही पावलाला पुरावा नव्हता. रोज १०,००० हवीत म्हणे. मी शोध घेतला. हा आकडा कुठल्या मोठ्या संशोधनातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं यंत्र' असं ठेवलं. हे सांगितल्यावर कन्या सात हजारांवर आली. तुळशीबागेतली घासाघीस घरात कधी ना कधी कामाला येतेच.

चहाच्या बाबतीत मात्र मी हरलो. चहातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला पूर्ण कप घेतला, तर दहाला निम्म्या कपाचा अंमल शिल्लकच. थोडक्यात, गेली तीस वर्षं मी रोज कटिंग मारून झोपायला जातोय. संध्याकाळचा चहा बंद झाला. त्या आठवड्यात माझी मनःस्थिती सुधारली असं म्हणणाऱ्याने माझ्यासमोर यावं.

रात्री वहीत दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, हेही कलम होतं. पहिल्या दिवशी लिहिलं: १. पाणी आलं. २. नळस्टॉपला एकाच सिग्नलमध्ये सुटलो. ३. पुढे कोरं. आठवडाभर तिसरी ओळ कोरीच राहिली.

सातव्या दिवशी पर्वतीच्या साठाव्या पायरीवर मी धापा टाकत बसलो होतो, तर शेजारी आणखी एक धाप ऐकू आली. वरच्या मजल्यावरचे काका.

"काय हो, तुमचा तो डबा रोज पावणेसहालाच वाजणार आहे का? नंतर झोप लागत नाही. म्हटलं, चालायला तरी जावं."

मी क्षमा मागितली. मग विषय कुंड्यांवर गेला. काकांचंही त्या १४ जणांबद्दल तेच मत होतं, आणि माझ्यापेक्षा फार सुरेख शब्दांत. उतरेपर्यंत बी विंगची सालं काढून झाली होती. घरी आलो तेव्हा मी चक्क शीळ घालत होतो, अशी बायकोची साक्ष आहे.

परवा रात्री मी किल्ली द्यायला विसरलो. सहाला दाराची बेल वाजली. काका चपला घालून उभे.

"आज वाजला नाही तुमचा डबा?"