साडेपाच गुणांबद्दल: तुमच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यात राग आहे, पण मुद्दे पक्के आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. स्कूबा (पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरणं) आणि ट्रेकिंग अशा दोन्हींसाठी बनवलेल्या त्या स्मार्टवॉचला मी दहापैकी साडेपाच गुण दिले. तुमचं म्हणणं असं, की घड्याळावर 100 मीटर लिहिलंय, ईएन 13319 या डायव्हिंग उपकरणांच्या युरोपीय मानकाचं प्रमाणपत्र आहे, नकाशे उत्तम आहेत, आणि तरी मी फार वेगाने वर येताना येणाऱ्या एका अलार्मच्या स्क्रीनवरून त्याला खाली ओढलं. शिवाय तो अलार्म सेटिंगमध्ये लहान करता येतो. तळ्यात खोली कमी दाखवली हा माझा आक्षेप चुकीचा आहे. तुमच्या दोन उपकरणांनी एकाच डाइव्हमध्ये वेगवेगळा वेळ दाखवला, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. आणि वर्षाला दहा-बारा डाइव्ह करून बाकीचे दिवस डोंगरात घालवणाऱ्या माणसाचा मी विचारच केला नाही.

आधी माझी चूक. तळ्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मोजदोरीवर 20 मीटरची गाठ होती आणि घड्याळ 19.6 दाखवत होतं. मी ते सेन्सरच्या खात्यात टाकलं. खरं तर घड्याळ खोली मोजतच नाही, ते दाब मोजतं आणि पाण्याची घनता गृहीत धरून त्याचे मीटर करतं. ईएन 13319 मध्ये धरलेली घनता घनमीटरला साधारण 1020 किलो आहे, म्हणजे गोड्या आणि समुद्राच्या पाण्याच्या मधली. तळ्यातलं पाणी 1000 च्या आसपास. वीसला 1.02 ने भागलं की 19.6 च येतं. सेन्सर अचूक होता, हिशेब मी केला नव्हता. आणि पाण्याखाली शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनचं गणित दाबावर चालतं, मीटरच्या आकड्यावर नाही, त्यामुळे सुरक्षिततेच्या बाजूनेही या फरकाने काही बिघडत नव्हतं. तो परिच्छेद मी आज काढून टाकला आणि त्या जागी तुमचा मुद्दा लिहिला.

आता प्रमाणपत्र. ईएन 13319 खोली आणि वेळ किती अचूक मोजली जाते एवढंच तपासतं. डिकम्प्रेशनबद्दल, म्हणजे वर येताना तो नायट्रोजन सुरक्षितपणे बाहेर पडू देण्याबद्दल, उपकरण जे सांगतं, ते या मानकाच्या कक्षेबाहेर आहे. हे मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे 'ईएन 13319 आहे' याचा अर्थ मीटर आणि मिनिटं भरवशाची, इतकाच. नो-डेको वेळ (डिकम्प्रेशनचे थांबे न घेता वर येता येईल असा खोलीवरचा वेळ), वर येण्याच्या वेगाचा इशारा, सेफ्टी स्टॉप (वर येताना खबरदारी म्हणून घ्यायचा थांबा) यांची परीक्षा त्यात नाही, आणि जीव तर याच गोष्टींवर टांगलेला असतो.

100 मीटरचंही तसंच. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक आयएसओ 22810, आणि डायव्हरच्या घड्याळांचं आयएसओ 6425. पहिल्यात नमुन्यादाखल तपासणी चालते. दुसऱ्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली घालून बघावं लागतं. ॲपल वॉच अल्ट्रावर 100 मीटर लिहिलेलं असतं, पण कंपनी स्वतः डायव्हिंगसाठी 40 मीटरचीच मर्यादा सांगते, आणि हौशी डायव्हिंगची सर्वमान्य मर्यादाही तेवढीच आहे. कव्हरवरचा आकडा हा केसचा, म्हणजे घड्याळाच्या कवचाचा, आकडा आहे, तुमच्या डाइव्हचा नव्हे.

आता त्या अलार्मबद्दल, कारण आपल्या मतभेदाचं मूळ तिथे आहे.

परीक्षणात मी ती घटना दोन वाक्यांत उरकली होती, आता नीट सांगते. तिसऱ्या दिवशी डाइव्ह संपवून 14 मीटरवरून दोराच्या कडेने वर येत होते. डाव्या हाताने दोर धरलेला, घड्याळ त्याच मनगटावर, उजव्या हाताने बीसीडीतली (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटमधली) हवा सोडत होते. हवा पुरेशी सुटली नाही आणि मी वर सरकू लागले. 10 मीटरवर 2 बार दाब असतो, पृष्ठभागावर 1. म्हणजे शेवटच्या दहा मीटरमध्ये बीसीडीतली हवा दुप्पट फुगते. जितकं वर जाल तितकी ती तुम्हाला आणखी वर ओढते. घड्याळ थरथरलं असणार, पण 5 मिलिमीटरच्या वेटसूटवरून मला काहीही जाणवलं नाही. मला सावध केलं ते माझ्या बडीच्या (सोबतच्या डायव्हरच्या) साध्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या, म्हणजे फक्त डाइव्हचा हिशेब ठेवणाऱ्या उपकरणाच्या, कर्कश बीपने. मनगटाकडे बघितलं तर अख्खी स्क्रीन लाल, त्यावर सावकाश वर येण्याची सूचना. खोलीचा आकडा गायब. वर येण्याचा वेग गायब. तो इशारा घालवायला बाजूचं बटण दाबून धरावं लागतं, आणि माझा मोकळा हात तर हवा सोडण्यात गुंतला होता.

नंतर लॉग उघडून बघितलं. इशारा आल्यापासून खोलीचा आकडा परत दिसेपर्यंत 9 सेकंद गेले होते, आणि त्या काळात माझा वेग मिनिटाला सुमारे 15 मीटर होता. म्हणजे दोन मीटरांहून जास्त अंतर मी किती खोलीवर आहे हे न कळता वर गेले. आज बहुतेक ठिकाणी मिनिटाला 9 मीटर हा वेग शिकवतात. मला त्या दिवशी काही झालं नाही. पण ज्या क्षणी खोलीचा आकडा सर्वांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच क्षणी घड्याळाने तो झाकला, आणि हा दोष मी नकाशांच्या सुबकपणाबरोबर एका तराजूत घालू शकत नाही.

तुम्ही म्हणता, सेटिंगमध्ये जाऊन हा इशारा लहान पट्टीसारखा करता येतो. हो, येतो. मी तो पर्याय शोधला, तो तीन मेनू आत आहे. डबा उघडल्यावर घड्याळ ज्या अवस्थेत मिळतं, त्यात इशारा पूर्ण स्क्रीनभर येतो. आता तुमचाच शेवटचा मुद्दा इथे आणते. वर्षाला दहा-बारा डाइव्ह करणारा माणूस. त्याला दोन सहलींच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत ही सेटिंग आठवणार आहे का? रोज पाण्यात उतरणारी प्रशिक्षक घड्याळाची प्रत्येक सवय ओळखते, तिला वाईट स्क्रीनचाही त्रास होत नाही. क्वचित उतरणाऱ्या माणसाला मात्र मूळ सेटिंगच योग्य असावी लागते. म्हणून त्या माणसाचा विचार केला नाही हा तुमचा आरोप मला लागला. साडेपाच गुण मी त्याच्याच बाजूने दिले होते, फक्त तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं.

टचस्क्रीनवर मी फार टीका केली असंही तुम्ही लिहिलंय. बोटाचा स्पर्श ओळखणारा पडदा विजेच्या सूक्ष्म बदलावर चालतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यामुळे पाण्याखाली त्याला बोट कुठे आणि पाणी कुठे हेच उमगत नाही. हातमोजे असतील तर बोलायलाच नको. म्हणून बटणं हवीत, आणि ती अशी हवीत की न बघता, थंडीने बधिर झालेल्या बोटांनीही दाबता येतील. या घड्याळाची खालची दोन बटणं केसमध्ये इतकी खोल बसवली आहेत की हातमोजा घालून मी ती दर वेळी चाचपडत होते.

अल्गोरिदमबद्दल, म्हणजे उपकरण उरलेला वेळ कसा काढतं त्याबद्दल, मी लिहायला हवं होतं. तुमचा प्रश्न असा: 18 मीटरवर, त्याच क्षणी, एका उपकरणावर नो-डेकोची 31 मिनिटं उरलेली आणि दुसऱ्यावर 24. खरं कोण?

खोटं कुणीच नाही. दोन्ही उपकरणं तुमच्या रक्तात डोकावत नाहीत, ती एका काल्पनिक शरीराचा हिशेब मांडतात. ही कल्पना जुनी आहे. 1908 साली हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून शरीराचे पाच कप्पे मानले, काही लवकर नायट्रोजन भरून घेणारे, काही सावकाश. झुरिकमध्ये अल्बर्ट बुलमन यांनी हेच काम पुढे नेलं आणि कप्पे सोळा केले. सर्वांत चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत आळशी 635 मिनिटांत. आजच्या कितीतरी डाइव्ह कॉम्प्युटरच्या पोटात हेच मॉडेल आहे. त्यावर उत्पादक किंवा वापरणारा ग्रेडियंट फॅक्टर लावतो, म्हणजे मॉडेलच्या अंतिम मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते ठरवतो. 40/85 अशी जोडी तुम्ही मेनूत पाहिली असेल. नो-डेको डाइव्हमध्ये दुसरा आकडाच महत्त्वाचा. तो 95 ठेवला तर मिनिटं वाढतात, 70 ठेवला तर कमी होतात. शरीर तेच, समुद्र तोच. छापील तक्त्यांतही एकमत नव्हतं: अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यात 60 फुटांना 60 मिनिटं, तर पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या हौशी डायव्हरांसाठीच्या तक्त्यात 18 मीटरला 56.

तेव्हा दोन उपकरणं हातावर असतील तर जे कमी वेळ देतं त्याचं ऐकायचं, आणि एका डाइव्हला हे, दुसऱ्याला ते अशी अदलाबदल कधीच करायची नाही. दुसऱ्या घड्याळाला पहिल्या डाइव्हमधला नायट्रोजन ठाऊक नसतो. परीक्षणाच्या दृष्टीने मी अल्गोरिदमला गुण देत नाही, तो काय गृहीत धरतो हे घड्याळ उघडपणे सांगतं का, याला देते. हे घड्याळ सांगतं. त्याबद्दल त्याला पूर्ण गुण होते आणि आहेत.

बॅटरी ठीक आहे, थंडीत उतरते, सगळ्याच लिथियम बॅटऱ्या उतरतात. दोन डाइव्हच्या मध्ये मी घड्याळ मुद्दाम बंद करून परत चालू केलं, तरी पहिल्या डाइव्हचा नायट्रोजन त्याच्या हिशेबात शिल्लक होता. ही मोठी गोष्ट आहे आणि मूळ लेखात ती मी जरा दडपलीच.

राहिला 'दोन्हींसाठी एकच घड्याळ' हा मुद्दा. एक ना धड भाराभर चिंध्या असं हे घड्याळ नक्कीच नाही. डोंगरात ते खरंच चांगलं आहे. दाट झाडीतही वाट चुकत नाही. हवेच्या दाबावरून उंची काढणारं उपकरण रात्रीतून हवामान बदललं की फसतं, कारण 1 हेक्टोपास्कल दाब म्हणजे समुद्रसपाटीजवळ साधारण 8 मीटर उंची. हे घड्याळ सकाळी जीपीएसवरून ती उंची स्वतः दुरुस्त करतं. पाण्याखाली मात्र जीपीएस नाही, ब्लूटूथ नाही, आणि वेटसूटवरून बांधलं तर हृदयाचे ठोकेही नाहीत. जीपीएसच्या लहरी पाण्यात काही सेंटीमीटरही टिकत नाहीत. सिलिंडरमधला दाब मनगटावर दाखवणाऱ्या यंत्रणांना म्हणूनच कमी वारंवारतेच्या लहरी किंवा ध्वनी वापरावा लागतो. ही निसर्गाची अडचण आहे, तिच्यासाठी मी एकही गुण कापलेला नाही.

पण दोन्हींसाठी एकच घड्याळ असेल, तर मी ते त्या दोन्हींच्या सांध्यावर तपासणार. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन उरलेला असतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क अर्थात डॅन या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठीच्या संस्थेच्या सूचनेप्रमाणे नो-डेको एका डाइव्हनंतर किमान 12 तास, आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. त्या सूचनेत धरलेली केबिनची उंची 2,000 ते 8,000 फूट आहे, म्हणजे साधारण 600 ते 2,400 मीटर. ही उंची कुठली? ट्रेकची. सकाळी डाइव्ह, दुपारी गाडीने निघून संध्याकाळी 1,400 मीटरच्या तळावर, असा बेत तुमच्यासारखी माणसंच आखतात. या घड्याळाच्या डाइव्ह मोडमध्ये विमानात न बसण्याच्या वेळेची चौकट लाल दिसत होती, 15 तास उरलेले. मी ट्रेक मोड उघडून 1,400 मीटरची वाट निवडली, आणि त्याने निमूटपणे दिशा दाखवायला सुरुवात केली. एका मनगटावर, एका केसमध्ये, दोन्ही माहिती हजर होती. ती एकमेकींना कुणी सांगितली नाही. बाकी कुठल्याही साध्या डाइव्ह कॉम्प्युटरकडून मी ही अपेक्षा करणार नाही, त्याला डोंगर माहीतच नसतो. याला माहीत आहे.

पट्ट्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते, कारण यात घड्याळं हरवतात. खोलवर वेटसूटच्या निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि वर घट्ट बसलेला पट्टा खाली सैल पडतो. ताणला जाणारा पट्टा घ्या, किंवा केसच्या खालून सलग जाणारा, म्हणजे एक पिन निघाली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं.

गुणांचं म्हणाल तर खोलीच्या चुकीच्या आरोपापायी कापलेला अर्धा गुण मी परत दिला आहे, आता सहा. अलार्मचा आणि डाइव्ह-ट्रेकच्या तुटक्या दुव्याचा गुण परत देणार नाही. या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरच्या आहेत, अपडेटने दुरुस्त होऊ शकतात. झाल्या तर मी पुन्हा पाण्यात उतरून तपासेन आणि इथेच लिहीन.

तुमच्या दोन्ही उपकरणांचे ग्रेडियंट फॅक्टर आणि त्या दिवसाच्या आधीच्या डाइव्हची खोली आणि वेळ कळवलीत, तर त्या सात मिनिटांचा फरक नेमका कुठून आला ते आपण मांडून बघू.