काचेमागचे आप्तेष्ट

आमच्या घराच्या नकाशावर ज्या जागेत ‘डायनिंग’ असे छापले आहे, ती वास्तविक बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाण्याची वाट आहे. तिथे चार खुर्च्यांचे एक टेबल बसते आणि टेबलाभोवती चौघे बसले की वाट बंद होते. या वाटेच्या डाव्या भिंतीला, 1996 साली सुताराने तीन आठवड्यांचे काम अडीच महिन्यांत पुरे करून उभे केलेले, 6 फूट उंच आणि 5 फूट रुंद असे काचेचे कपाट आहे. हल्ली त्याला ‘क्रॉकरी युनिट’ म्हणतात. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून शोकेस आहे, आणि तिच्यातली कपबशी कोणी चहा पिण्यासाठी बाहेर काढली, तर माझी पत्नी वस्तुसंग्रहालयाच्या पहारेकऱ्यासारखी त्या माणसाच्या मागे उभी राहते.

दिवाळीच्या आधीची साफसफाई सुरू झाली होती आणि येत्या गुरुवारी मिरजेहून आत्या आठ दिवसांसाठी येणार होती. नेमक्या त्याच रविवारी कन्येने शोकेसपुढे उभे राहून जाहीर केले, की ही शोकेस नसून रेल्वेचे हरवलेल्या सामानाचे ऑफिस आहे. ती एवढ्यावर थांबली असती तर मी तिच्याशी सहमत होऊन वर्तमानपत्राकडे वळलो असतो. परंतु तिने मोबाइलवर पाहून मांडणीचे तीन नियमही मिळवले होते. वस्तू विषम संख्येने ठेवाव्यात, उंच, मध्यम आणि ठेंगणी अशा वस्तूंचा त्रिकोण साधावा, आणि प्रत्येक कप्प्याचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडावा.

विषम संख्येचे आम्हाला वावडे असण्याचे कारण नव्हते. अकरा, एकवीस आणि एकशे एक रुपयांची पाकिटे भरण्यात आमची हयात गेली आहे. अडचण अशी, की आपल्या बाजारात काच आणि चिनी माती अर्ध्या डझनाने विकली जाते. सहा कप, सहा बश्या, सहा वाट्या, सहा आइस्क्रीमचे पेले. अपवाद एका लेमन सेटचा, कारण त्याचे पेले पाच आहेत. सहावा पेला माझ्या हातून फुटला, त्याला बावीस वर्षे झाली, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक वादाचा शेवट त्या पेल्यापाशी होत आला आहे. त्यामुळे कन्या जेव्हा “पाच! अगदी बरोबर!” असे ओरडली, तेव्हा मला बावीस वर्षांनी निर्दोष सुटल्यासारखे वाटले. पत्नीने वर न पाहता सांगितले, “जग धरून सहा होतात.”

प्रथम शोकेस रिकामी करायची होती. तिच्या काचा खाचेत सरकणाऱ्या आहेत, म्हणजे डावी उघडली की उजवी बाजू बंद आणि उजवी उघडली की डावी. कोणत्याही क्षणी 5 फुटांपैकी अडीच फूटच तुमच्या ताब्यात असतात. मधल्या कप्प्यात केरळची एक सर्पनौका आहे, तिच्या वल्हेकऱ्यांसकट आणि तिच्या स्वतःच्या 3 फुटी काचेच्या पेटीसकट. माझे थोरले मेहुणे 1995 साली कोचीला बदलीवर होते, तेव्हा त्यांनी ती दिली. सुताराने तो कप्पा तिच्या मापाने केला, तिला आत बसवले आणि मग समोर काचा चढवल्या. अडीच फुटांच्या दारातून 3 फुटांची पेटी बाहेर काढण्याचा मार्ग भूमितीत नसल्यामुळे गेली कित्येक वर्षे आम्ही फूटपट्टीला फडके बांधून तिच्यावरची धूळ पुसत आहोत. काचा उतरवण्याचा विषय मी काढून पाहिला. परंतु दादाने दिलेल्या वस्तूला धक्का लागेल, या शंकेपुढे तो टिकला नाही. तेव्हा नवी मांडणी या नौकेच्या आजूबाजूने करायची, एवढे पहिल्याच तासात ठरले.

बाकीच्या वस्तू टेबलावर, मग पलंगावर आणि शेवटी जमिनीवर आल्या. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळे निघाली. त्यांतल्या आंब्यावर एका पाहुण्याच्या मुलाच्या दातांची खूण अजून आहे. आग्र्याचा ताजमहाल निघाला, ज्याचे दोन मिनार प्रवासातच गेले होते. आजीची पितळी भातुकली निघाली, आणि मग स्टीलच्या तबकांची थप्पी निघाली.

या तबकांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आमच्या लग्नाच्या काळी भांड्यावर नाव घालण्याची पद्धत जोरात होती. दुकानातला मुलगा गुरगुरणाऱ्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे कोरत असे, आणि त्या मजकुरात नवरा-बायकोची नावे काठाच्या वळणावर दाटीवाटीने, तर ‘यांजकडून सप्रेम भेट’च्या आधीचे नाव मध्यभागी ठसठशीत येत असे. अशी वस्तू पुढे कोणाला देता येत नाही, मोडीत घालताना भंगारवाला ते नाव मोठ्याने वाचतो, आणि वापरावी तर साबुदाण्याच्या वड्यांमधून काकांचे आडनाव हळूहळू वर येताना दिसते. त्यामुळे अशी सात तबके आमच्या शोकेसमध्ये पाठ टेकून उभी आहेत. सात ही विषम संख्या असल्याचे कन्येने मान्य केले. मात्र त्यांतले एकही उंच, मध्यम किंवा ठेंगणे नसून सगळी एकाच मापाची असल्यामुळे त्रिकोण साधेना.

गणपती अकरा निघाले. संगमरवरी भुकटीचा, काचेचा, चांदीच्या मुलाम्याचा, पानावर पहुडलेला, शिवाय सनई, तबला, पेटी आणि वीणा वाजवणाऱ्या चौघांचा एक संच. कोणत्याही समारंभात काय द्यावे हे न सुचलेला माणूस गणपती देतो, आणि घेणाऱ्याची कायमची पंचाईत करतो, कारण देवाला माळ्यावर टाकता येत नाही, कोणाला देऊन टाकणे मनाला पटत नाही, आणि देव्हाऱ्यात अकरांना जागा नसते. चपलांच्या स्टँडशेजारी येणारा सर्वांत खालचा कप्पा त्यांना वर्ज्य, आणि ज्या बशांतून कधीकाळी ऑम्लेट खाल्ले गेले त्यांच्या शेजारी ठेवायलाही पत्नी तयार नव्हती. म्हणून अकराही गणपती सर्वांत वर गेले. कन्येने त्यांची मांडणी तीन, पाच, तीन अशी केली, दोन पावले मागे येऊन पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. सुताराने त्या कप्प्याच्या पाठीला हौसेने आरसा लावला होता. गणपती बावीस दिसत होते.

विषम संख्येचा नियम आरशासमोर कसा लावावा, याचे उत्तर मोबाइलमध्ये नव्हते.

दुपारी चिनी मातीच्या कपांचा प्रश्न निघाला. सोनेरी काठाचा बोन चायनाचा टी सेट हा आमच्या शोकेसचा मानकरी. दुकानदाराने तो विकताना कप दिव्यासमोर धरून पलीकडची बोटांची सावली दाखवली होती, आणि ती सावली दिसते म्हणून आम्ही दुप्पट पैसे मोजले होते. कन्येने त्याची माहिती मोठ्याने वाचायला घेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या जोसाया स्पोड या कुंभाराने या मातीची कृती रूढ केली, आणि त्या जुन्या कृतीत जवळजवळ निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. एवढे वाचून होईपर्यंत पत्नीने उठून खिडकी बंद केली होती. चातुर्मासात कांदा-लसणाच्या वासानेही उठून जाणाऱ्या मिरजेच्या आत्याला, तिचा मान म्हणून, आम्ही प्रत्येक खेपेला याच कपांतून चहा देत आलो होतो. तो टी सेट त्याच दिवशी खालच्या लाकडी दाराच्या कप्प्यात, कुकरच्या जुन्या खोक्यामागे गेला. ‘बोन’ हा शब्द कपांच्या बुडाशी सोनेरी अक्षरांत छापलेला असूनही आमच्यापैकी कोणाला कधी त्याचा अर्थ लावावासा वाटला नव्हता, ही आमच्या इंग्रजी माध्यमाच्या कन्येलाही खाली पाहायला लावणारी बाब होती.

आत्या येणार म्हटल्यावर खरा मुद्दा होता हंसाचा. आमच्या लग्नात तिने जर्मन सिल्व्हरचा एक हंस दिला होता, ज्याच्या पाठीच्या खळग्यात बडीशेप ठेवणे अपेक्षित असावे. या धातूत तांबे, जस्त आणि निकेल असते. चांदी औषधालाही नसते. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यालाही जर्मनचे पातेले म्हणतात, तेव्हा जर्मनीचे नाव आपण कशाकशाला दिले आहे याचा त्या देशाला पत्ता नसेल. आमच्या घरात पाहुणा येण्यापूर्वी त्याची भेटवस्तू पुढच्या रांगेत आणण्याचा शिरस्ता आहे, आणि कोणी काय दिले हे पत्नीला पाठ असल्यामुळे तो आजवर एकदाही चुकलेला नाही. यंदा हंस काळवंडून कावळ्याच्या जवळ गेला होता. मी त्याला चिंच आणि मीठ चोळले, मग रांगोळीने घासले, मग टूथपेस्ट लावली, आणि तीन संध्याकाळी खर्ची घालून निदान बदकापर्यंत आणला. नौकेच्या वरच्या कप्प्यात, बरोबर डोळ्यांच्या पातळीवर त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि त्याच्या उजव्या हाताला कन्येने आपला तिसरा नियम पाळून जवळजवळ पावणेदोन फूट जागा रिकामी सोडली. तिथेही पाठीला आरसा असल्याने ती साडेतीन फूट वाटत होती. पत्नी त्या रिकाम्या जागेकडे दिवसातून दहा वेळा, दुधावर नजर ठेवावी तशी, पाहत होती. विजेचे बिल, रबरबँड आणि किल्ल्यांचा जुडगा तिथे ठेवण्याचे तिचे तीन प्रयत्न कन्येने हाणून पाडले.

शेवटी दिवे. कपाटात लावायची एलईडीची पट्टी 12 व्होल्टची असते आणि दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते तिथेच कापावी लागते, हे सांगूनही वायरमनने ती आपल्या सोयीच्या ठिकाणी कापली, त्यामुळे टोकाचे दोन दिवे कायमचे गेले. कन्येने 3000 केल्विनचा पिवळसर उजेड सांगितला होता. त्याने 6500 केल्विनचा पांढराशुभ्र आणला, कारण, त्याच्या मते, त्याच पैशात जास्त उजेड मिळत होता. बटण दाबताच शोकेस अशी झळाळली, की समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला मेडिकलचे दुकान काढले काय, असे विचारले.

गुरुवारी सकाळी आत्या आली. हात-पाय धुऊन टेबलाशी बसली, आणि स्टीलच्या पेल्यातून चहा पिता पिता तिची नजर शोकेसवर गेली. आम्ही तिघेही श्वास रोखून उभे होतो.

“हा हंस अजून ठेवलाय होय रे तुम्ही?” ती म्हणाली. “माझ्या नणंदेनं दिला होता मला. ठेवायला जागाच नव्हती घरात, म्हणून तुझ्या लग्नात दिला.”

मग तिने चष्मा सारखा केला, उठून उजवी काच सराईतपणे सरकवली आणि म्हणाली, “उजेड मात्र चांगला केलास हो. गोळ्यांवरची नावं इथं नीट वाचता येतील.” आणि हंसाच्या शेजारच्या त्या पावणेदोन फूट मोकळ्या जागेत तिने अमृतांजनची बाटली, चष्म्याचे घर आणि सात वारांच्या खणांचा, तिच्या पिशवीतला सर्वांत उंच असा, गोळ्यांचा डबा एकामागोमाग एक मांडला. पत्नीच्या चेहऱ्यावर रविवारपासून प्रथमच समाधान पसरले.

कन्या बराच वेळ पाहत राहिली. एक उंच, एक मध्यम आणि एक ठेंगणी, त्रिकोण बिनचूक होता. वस्तू तीन होत्या, आणि आरशातल्या धरून अर्धा डझन.